झोपडी घाला, डीजे काढा

नोकरीत असताना मी घरं बघत फिरायचे. भाड्याची नाही, विकतचीही नाही. टेबलावर एखादी कादंबरी आली आणि ती कुणाच्या तरी लहानाचं मोठं होण्याची असली, की मी लेखकाला फोन लावायचे, "तुमच्याकडे चहाला कधी येऊ?" लेखक हरखायचे. त्यांना वाटायचं, पुस्तक पसंत पडलं. मग नवे कप काढायचे, सोफ्यावरची प्लॅस्टिकची खोळ उतरवायचे. मुलगी बघायला जाणारी अनुभवी बाई पोह्यांकडे लक्ष देत नाही, ती पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावून येते. माझंही तसंच होतं. पुस्तकातलं घर मी वाचलेलं असायचं. मला खरं बघायचं असायचं.

आमची प्रकाशनसंस्था डोंबिवलीत, फरसाणाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होती. मुद्रितं तपासायला म्हणून लागले, संपादक म्हणून निवृत्त झाले. मधलं सांगत बसत नाही. बढत्यांच्या गोष्टी घरच्यांना सांगाव्यात, तेही त्यांचं जेवण झाल्यावर.

आमचं काम काय, ते लोकांना नीट माहीत नसतं. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारी बाई, असं माझ्या शेजारणीला अजून वाटतं. ते तर असतंच. पण खरं काम त्याच्या आधीचं. दर आठवड्याला जो कागदांचा ढीग येतो, आता मोबाइलवर पीडीएफचा येतो, त्यातलं काय छापायचं, काय परत पाठवायचं आणि काय दुरुस्त करून घ्यायचं हे ठरवणं. आणि या ढिगात सर्वांत जास्त काय असायचं? 'मी कसा घडलो' या जातीची कादंबरी. कारण सोपं आहे. खून करायला हिंमत लागते, प्रेम करायला दुसरं माणूस लागतं. मोठं व्हायला काही लागत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडे माल आहे.

परिसंवादांत यावर फार बोललं जातं. संस्कृती, कुटुंब आणि घर यांतून व्यक्तीची ओळख घडत जाते, वगैरे. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. खोटं नाही ते. पण माझा प्रश्न असायचा, घर कुणाचं? कारण माझ्याकडे येणारे लेखक स्वतःचं घर आणतच नव्हते. ते आधीच्या कादंबऱ्यांतलं घर उचलून आणायचे, सामानासकट. करारी वडील, पदरानं डोळे टिपणारी आई, कोड्यात बोलणारे आजोबा आणि परसात पारिजातक. डोंबिवलीतल्या कादंबऱ्यांमधले पारिजातक खरोखर उभे असते, तर सकाळी फुलं उचलायला महापालिकेला वेगळी गाडी ठेवावी लागली असती.

आणि मी हे कुठल्या तोंडानं बोलते, तेही सांगते. माझं घर कोपरीत, एका खोलीचं. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. ते भुसा पोत्यात भरून आणायचे आणि भुशाची शेगडी भरायचं काम माझं. शेगडीत मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली फिरवत अलगद वर काढायची. भोक ढासळलं की आईची टपली. आमच्या खानदानात पदवी माझ्यापासून सुरू होते आणि तिचा सगळा अभ्यास त्या शेगडीच्या धुरात झालेला आहे. हे कुणाला हळहळ वाटावी म्हणून लिहीत नाही. घर माणसाला घडवतं म्हणजे काय, ते मला परिसंवादातून कळलेलं नाही, हातांतून कळलंय. आजही डब्यात रवा भरायचा झाला तर मी ठोकून भरते. सून हसते. हसू दे.

घरं बघायची सवय लागली ती एका निवृत्त साहेबांमुळे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला मोठ्या संकुलात राहायचे. कादंबरीत नायक इतका गरीब, की फी भरायला पैसे नाहीत, दिव्याखाली अभ्यास, एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा. मला वाचतानाच काहीतरी खुपत होतं. सदरा रात्री धुतला की सकाळी तो ओला असतो, हे ज्यानं खरंच केलंय तो लिहितोच लिहितो. ओल्या सदऱ्याची कॉलर मानेला कशी लागते ते विसरता येत नाही. साहेबांचा सदरा प्रत्येक पानावर सुकलेला.

मजकुरातले बदल समजवायला म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांची थोरली बहीण आलेली होती, नौपाड्याहून. साहेब मला नायकाच्या उपासमारीबद्दल सांगत होते आणि बाई शांतपणे चिवडा निवडून खात होत्या. मध्येच म्हणाल्या,

"बंडू, हे कुणाचं चाललंय?"

"माझं. म्हणजे नायकाचं. आपल्या लहानपणावर आहे ताई ते."

"आपल्या?" बाईंनी चष्मा वर केला. "अरे, आपल्याकडे मोटार होती. तू तिच्यात ओकायचास."

साहेबांनी चहा खाली ठेवला. मी चिवडा घेतला. त्या घरातली खरी कादंबरी ती मोटार होती. आख्ख्या आळीत एकट्याच्या दारात मोटार असलेला, तिच्यात बसल्यावर ज्याला मळमळतं असा मुलगा. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, त्यात संघर्ष कुठाय?" मी बाड परत दिलं. ज्यांच्या घरात गरिबी कधी आली नाही, ती माणसं ती उसनी न्यायला येतात आणि आमच्यासारख्यांकडे बघून विचारतात, "अजून थोडी आहे का?"

दुसरं घर टिटवाळ्याचं. तिथल्या नव्या इमारतींपैकी एकीत, सातव्या मजल्यावर राहणारा प्रसाद नावाचा तरुण. कादंबरीत कोकणातलं घर, त्याची विहीर, विहिरीत दिसणारं आकाश. भाषा चांगली होती, म्हणून तर गेले. दोन खोल्या, आई, वडील आणि हा. मी बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, वडील माझ्यासमोर खुर्चीत. दोघांत जेमतेम हातभर अंतर.

आई म्हणाली, "प्रसाद, त्यांना सांग, मॅडमना पंख्याखाली बसवा."

वडिलांनी ऐकलं, उठले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "प्रसाद, तिला सांग, मॅडमना साखर किती लागते ते विचार म्हणावं."

मी बघत राहिले. प्रसाद जागचा हलला नाही, काही बोललाही नाही. फक्त मान एकीकडून दुसरीकडे फिरवली आणि निरोप पोचला. मान फिरवायची, एवढंच त्याचं काम. जाताना लिफ्टपाशी मी विचारलं, "हे कधीपासून?"

"काय?"

"आईबाबा बोलत नाहीत ते."

"ते होय. मी पाचवीत होतो तेव्हापासून. सवय झालीय. फक्त मी घरी नसलो की त्यांचं अडतं. सहलीला नाही गेलो कधी."

"अरे मग हेच लिही ना! विहीर कशाला?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला मोरीबद्दल लिहायला सांगितलं. "मॅडम, त्यात काय लिहिण्यासारखं? घरचं आहे ते."

त्याला मी पुढे तीनदा-चारदा फोन केले. शेवटी त्यानं स्वतःच्या खर्चानं विहीर छापली. मला प्रत पाठवली आहे, सप्रेम. नोकरीतली कुठली गोष्ट अजून टोचते असं कुणी विचारलं, तर ही. सहलीला न गेलेला तो मुलगा कागदावर यायचा राहिला. असा मुलगा मी कुठल्याही कादंबरीत वाचलेला नव्हता, आणि विहिरी शेकडो वाचल्या होत्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

दर्शनाचं बाड आलं तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ आले होते. डोंबिवलीच्या पलीकडच्या एका आगरी गावातली मुलगी. गाव आता नावालाच. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये गावदेवीचं देऊळ. एम. ए. झालेली, तिच्या घरातही पदवी तिच्यापासूनच सुरू झालेली. कादंबरीतल्या मुलीच्या लहानपणी घरची शेती जाते, म्हणजे विकली जाते, बिल्डरला. कौलारू घराच्या जागी तीन मजली बंगला येतो, लिफ्टसकट. कॉलेजात तिला विचारतात, "गावावरून येतेस का?" आणि घरी ती चार वाक्यं पुस्तकी बोलली की म्हणतात, "आली आमची मड्डम." पारिजातक एकही नाही. मी दोनदा तपासलं.

त्या घरात एक आत्या आहे, धवलारीण. आगरी लग्नात पूर्वी प्रत्येक विधी हिच्या गाण्यावर पुढे सरकायचा. हळद दळायची, मांडव घालायचा, नवरदेवाला तेल लावायचं, जे काही असेल त्याचा धवला ती म्हणणार, तेव्हा ते झालं असं धरायचं. कादंबरीच्या ऐन मध्यावर भावाची हळद आहे. आत्या धवला सुरू करते आणि मुलीचा बाप, दारात टेम्पोवर उभ्या असलेल्या डीजेवाल्या पोराला हात करतो, लाव. भिंती हादरायला लागतात. सगळे नाचायला धावतात. आणि आत्या थांबत नाही. धवला अर्ध्यावर सोडायचा नसतो, म्हणून ती बसल्या जागी म्हणत राहते. ओठ हलतायत, आवाज कुणालाच येत नाही. फक्त ही मुलगी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन, खाली बसून, शेवटपर्यंत ऐकते. त्या रात्रीनंतर ती मुलगी पहिल्यासारखी राहत नाही.

मी बाड आमच्या मालकांकडे, अच्युतरावांकडे नेलं. म्हटलं, हे छापायचं.

त्यांनी वाचलं आणि मला बोलावलं. "बाई, पोरीत दम आहे. पण हा बंगला कुठून आणला मध्येच?"

"गावातून. तिथं आहे तो."

"असेल. पण वाचकाला आगरी घरात बंगला नकोय हो. झोपडी पाहिजे. खाडी, मिठागर, वर चंद्र. बाप दारूत जमीन फुंकतोय. आणि शेवटी ती आत्या गेली पाहिजे. पुरस्कार समितीतली माणसं आहेत ना, ती शेवटच्या पानावर रडायला तयार बसलेली असतात. आपण त्यांना रडवायचं नाही?"

"आत्या जिवंत आहे."

"कादंबरीत म्हणतोय मी, बाई!"

हे अच्युतराव त्या गावापासून रिक्षेच्या अंतरावर राहायचे. तिकडे आयुष्यात एकदा गेले होते, फार्महाऊसवर हुरडा खायला. पण गरिबांच्या घरात काय असावं, याची त्यांची मतं पक्की होती. लिफ्ट त्यात बसत नव्हती. दर्शनाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, बंगल्याची झोपडी करून आणा, पुढच्याच महिन्यात छापतो.

मी दर्शनाला फोन लावला. "तुमच्याकडे चहाला कधी येऊ?"

"चहाला नाही मॅडम, जेवायला या. आमच्याकडे नुसत्या चहावर कुणाला पाठवत नाहीत."

बंगला पुस्तकात होता त्याहून मोठा निघाला. दर्शनाचे वडील, त्यांना गावात नानाशेठ म्हणतात, फाटकापाशीच उभे. पांढरे कपडे, गळ्यात साखळी.

"या मॅडम, या. गारी कंय लावली?"

"गाडी नाही. रिक्षानं आले."

त्यांना वाईट वाटलं, माझ्यासाठी. मग त्यांनी मला बंगला दाखवला. ग्रॅनाइट दाखवलं, देवघरातले दिवे दाखवले, लिफ्टनं गच्चीत नेऊन परत आणलं. खाली मागच्या खोलीत दर्शनाची आत्या, हिराआत्या, पाय पसरून कोळंबी सोलत बसली होती. "ये गो बाय, बस," म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातही थोडी कोळंबी सरकवली. मी सोलायला लागले. संपादक म्हणून मला इतका मान दुसरीकडे कुठं मिळाला नाही.

जेवण झालं. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, सुका जवळा. नानाशेठ दात कोरत म्हणाले, "पोरीनं लिवलाय काय, ते तरी आयकवा. बंगला हाय ना त्यान?"

"आहे," मी म्हटलं.

"लिफ्ट?"

"तीही आहे."

"मंग वाच गो."

दर्शना माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मला वाटलं, ती बंगल्याची चार पानं वाचेल आणि सुटेल. ती उठली, बाड आणलं आणि हळदीचं प्रकरण काढलं. बापासमोर, आत्यासमोर, आवाज न हलू देता वाचलं. डीजेवाल्याला केलेल्या हातासकट.

वाचून झालं. मग नानाशेठ बहिणीकडे वळले. "बाय, तू तवा थांबली व्हतीस ना? मी बगितला तुना. गप बसलेलीस."

हिराआत्या म्हणाली, "गप नव्हती. सगला म्हटला. तुमाला आयकू आला नाय."

एवढंच. तिनं तक्रार केली नाही. हात धुवायला उठली.

नानाशेठ पुन्हा दात कोरायला लागले. मग मला म्हणाले, "मॅडम, बाकी झकास हाय. तेवरा डीजेचा भाग काढा. लोक काय बोलतील? आन् कवरवर बंगल्याचा फोटो टाका. सकाळचा काढा, ऊन चांगला परतं."

दर्शना मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षा आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, सरांना बंगला नको, बाबांना डीजे नको. मग माझ्याकडे उरतं काय? कोळंबी?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"सर म्हणतात झोपडी करा. झोपडीत डीजे कुठून येणार हो? जमिनीचे पैसे आले म्हणून बंगला आला, बंगला आला म्हणून डीजे आला, आणि तो आला म्हणून आत्याचा आवाज गेला. यातलं एक काढलं की सगळंच खोटं होतं. आणि खोटं लिहून मला परत त्याच घरात जेवायला बसायचंय, त्यांच्याच शेजारी. असंच्या असं आलं तर येऊ दे. नाहीतर राहू दे. मी पुन्हा लिहिणार नाही, हे मात्र नक्की."

ती ज्या शांतपणे बोलली, त्यावरून मला कळलं, ही धमकी नाही. टिटवाळ्याचा प्रसाद आठवला. आणखी एक जाणार, आणि ही तर लिहून झाल्यावर जाणार. मला राग आला. साहित्याच्या नावानं त्या घरावर शेण फासायला निघालेल्या मालकाचा आला, आणि घराच्या नावानं त्यावर रंग चढवायला निघालेल्या बापाचाही आला. एकाला घर होतं त्याहून काळं हवं, दुसऱ्याला होतं त्याहून चकचकीत. आणि दोघंही त्या मुलीला म्हणतात, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी एक फोन केला. त्याला तुम्ही चुगली म्हणा, माझी हरकत नाही. नानाशेठना सांगितलं, "शेठ, डीजेचं नंतर बघू. आधी हे ऐका. आमच्या मालकांना बंगला नकोय. ते म्हणतात, तुमच्या घराची झोपडी करा आणि तुम्ही दारूत जमीन घालवली असं लिहा."

पलीकडून एकच शब्द आला, "झोपरी?"

दुपारी आमचा जिना वाजला. पुढे नानाशेठ, मागे हिराआत्या, तिच्यामागे दर्शना. आमच्या कचेरीत खुर्च्या दोन. आत्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली. खालून शेव तळल्याचा वास येत होता. अच्युतरावांनी हसून नमस्कार केला. त्यांना वाटलं, घरचे लोक आभार मानायला आले.

नानाशेठ उभेच राहिले. "झोपरी कोनाची?"

"अं?"

"पुस्तकान झोपरी घालताव ना? ती कोनाची?"

"अहो शेठ, ती... कुणा एकाची नाही. प्रातिनिधिक आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांची असते ती."

"सगल्यांची हाय तं तुमची पन हाय. तुमचे घरान घाला."

मी मुद्रितात डोकं घातलं. अच्युतरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि साहित्यातलं वास्तव आणि जीवनातलं वास्तव यांवर त्यांचं ते नेहमीचं सुरू केलं. नानाशेठनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमचे बापाचा घर कौलारू व्हता. त्यानं भात पिकवला, मीठ पिकवला. झोपरीन कोन नाय रायला. आन् जमीन मी दारूवर नाय घालवली, इकली. इकली तवा रडलो पन." ते दर्शनाकडे वळले. "ते लिवलंस का?"

"लिहिलंय," ती म्हणाली.

"तू कवा बगितलास? कोन नव्हता घरान."

"माळ्यावर बसलेले मी."

नानाशेठनी साखळीवरून हात फिरवला. "मंग ते पन ऱ्हाऊ दे."

अच्युतराव हुशार माणूस. त्यांनी नस पकडली. बाड उघडून म्हणाले, "ठीक आहे, झोपडी नको. जे आहे ते ठेवू. पण मग सगळंच ठेवावं लागेल, शेठ. ते डीजेचंसुद्धा. भरल्या मांडवात तुम्ही सख्ख्या बहिणीचं गाणं बंद पाडता, असं छापून येईल. चालेल?"

दर्शनाचं पुस्तक आता या एका माणसाच्या तोंडात होतं, आणि तो माणूस गावात मान खाली घालून चालणारा नव्हता. नानाशेठ बहिणीकडे बघायला लागले. ती कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरची अक्षरं बघत होती, तिला वाचता न येणारी.

"बंद पाडला तं पाडला," नानाशेठ म्हणाले. "मीच हात केला त्या पोराला. खरा हाय ते ऱ्हाऊ दे. खोटा हाय तेवरा काढा."

मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. एवढी नेमकी क्वचित वाचली. पण उगाच गळा काढत नाही, कारण हे ते सत्याच्या प्रेमापोटी बोलले नव्हते. झोपडीपेक्षा त्यांना स्वतःची चूक परवडली, इतकंच. माणसाचा ताठा कधीकधी चुकून बरोबर जागी उभा राहतो.

अच्युतरावांचं मतपरिवर्तन कसं झालं तेही सांगायला हवं. नानाशेठ जाता जाता म्हणाले, घरात पुढचं लग्न आहे, परतीच्या आहेरात या वेळी साड्यांच्या जोडीला पोरीचं पुस्तक देणार, घरटी एक. जिना उतरल्याचा आवाज थांबायच्या आत अच्युतराव मला म्हणाले, "तसं बघितलं तर बाई, बंगल्याला एक प्रतीकमूल्य आहे."

पुस्तक आलं. असंच्या असं. कवरवर बंगला नव्हता, एवढं मी नानाशेठकडून पदरात पाडून घेतलं.

प्रकाशन ठाण्यात झालं, छोट्या सभागृहात. प्रमुख पाहुणे एक समीक्षक. घर, कुटुंब, संस्कृती आणि अस्मिता यांवर ते भरपूर बोलले. पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, हे मला लवकरच कळलं, कारण ते दोनदा म्हणाले, "झोपडीतल्या त्या मुलीचा आक्रोश." नानाशेठ खुर्चीतून अर्धे उठले. दर्शनानं त्यांची बाही धरून खाली बसवलं. अच्युतरावांनी भाषणात सांगितलं, की काही लोकांनी या कादंबरीत बदल सुचवले होते, पण प्रकाशक म्हणून ते ठाम राहिले. मला ठसका लागला.

शेवटी निवेदिका म्हणाली, आता कादंबरीतल्या आत्या स्वतः आपल्यासमोर एक धवला सादर करतील. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. हिराआत्या माइकसमोर आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुरू केलं. चाल संथ. कडव्यामागून कडवं, थोडा थोडा शब्द बदलत जाणारं. दोन कडव्यांनंतर मोबाइल खाली आले. तिसऱ्याला लोक घड्याळं बघायला लागले. सभागृह ठरल्या वेळी सोडायचं होतं आणि बाहेर वड्यांचा वास सुटला होता. निवेदिका हसत पुढे आली, आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक हळूच आपल्याकडे वळवला.

"वाः! किती गोड! हे असंच ऐकत राहावं असं वाटतं, पण वेळेअभावी आपल्याला इथंच थांबावं लागतंय. सर्वांनी अल्पोपाहार घेऊन जावा."

माइक बंद झाला. खुर्च्या सरकल्या. घर आणि संस्कृती यांवर तासभर माना डोलावलेली माणसं वड्यांकडे निघाली, प्रमुख पाहुणे सर्वांत पुढे. त्यांना डीजेची गरजसुद्धा लागली नाही.

हिराआत्या थांबली नव्हती. मंचावर तशीच उभी, म्हणत होती. बश्यांच्या खणखणाटात काही ऐकू येत नव्हतं. दर्शना तिच्याजवळ गेली. आणि मग नानाशेठ उठले, मंचावर चढले आणि बहिणीच्या तोंडापाशी कान नेऊन, कमरेत वाकून उभे राहिले. पांढरे कपडे, साखळी लोंबतेय, तसेच. अच्युतराव मला फोटोसाठी खुणा करत होते. मी गेले नाही. मीही पायऱ्या चढून त्या तिघांत जाऊन उभी राहिले. जवळून चांगलं ऐकू येत होतं.

धवला संपला तेव्हा सभागृहात आम्ही चौघंच होतो, आणि खुर्च्या उचलणारे.

आत्यानं मागे वळून बघितलं. "गेली सगली?"

"गेली बाय," नानाशेठ म्हणाले.

"जाऊ दे," ती म्हणाली आणि पदर खोचला. "आपला काम झाला."